फियॉर्ड म्हणजे खाडी नव्हे

मी, प्रताप यशवंत नारकर, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त भूगोल शिक्षक, मूळ राहणार राजापूर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, प्लेनो, टेक्सस, हे मृत्युपत्र स्वहस्ते, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही भिडेला न पडता लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही. येत्या गुरुवारी इथले डॉक्टर माझी छाती उघडून बायपास करणार आहेत. डॉक्टर आपल्याच देशाचा आहे, कानपूरचा. मी कोकणातला म्हटल्यावर त्याने मला विचारलं, ते केरळमध्ये येतं का. अशा माणसाच्या हाती काळीज द्यायचं तर मागची व्यवस्था लावून ठेवलेली बरी.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे, तीत कुणाचा हक्कसंबंध नाही, त्यामुळे मी ती कुणाला द्यावी आणि देताना काय बोलावं हा सर्वस्वी माझा प्रश्न आहे.

कलम पहिले. राजापूरचं दोन खोल्यांचं घर, मागील दारची विहीर आणि दोन फणस यांच्यासह, माझी सून रेणू हिला द्यावं. मुलगा शंतनू याच्या नावे करत नाही, कारण तो ते इथे सोफ्यावर बसून फोनवरून विकेल. रेणू निदान एकदा जाऊन बघेल. तिचं कौतुक करायचं म्हणून हे लिहीत नाही. ती माझ्या आमटीत मीठ घालत नाही आणि संध्याकाळभर टीव्हीवर परक्या लोकांची स्वयंपाकघरं बघत बसते. पण हातात घेतलेलं काम ती पुरं करते, जे या घरात दुसऱ्या कुणालाही जमत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम दुसरे. सोग्नचा भिंतीवरचा नकाशा, कापडाची पाठ असलेला, आणि त्या प्रदेशासंबंधी मी जमवलेली सर्व टिपणं व कात्रणं.

सोग्न म्हणजे काय हे या घरात तरी सांगावं लागू नये, पण लागतं. तो नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रदेश आहे. तिथे समुद्र दोनशे किलोमीटर आत शिरलेला आहे आणि दोन्ही बाजूंचे डोंगर थेट पाण्यात उतरतात. हे काम हिमनदीचं आहे. तिने दरी खरवडली, ती वितळली, मग समुद्र आत आला. म्हणून फियॉर्ड तोंडाशी उथळ असतो, तिथे पाण्याखाली उंबरठाच असतो, आणि आत तो तेराशे मीटर खोल जातो. आपल्या राजापूरच्या खाडीचं उलट आहे. ती नदीने केलेली, तोंडाशी खोल, आत शिरावं तसतशी उथळ, गावापर्यंत पोचेतो नुसता गाळ. हा फरक मी पस्तीस वर्षं शिकवला. आमचे हेडमास्तर म्हणायचे, नारकर, दोन मार्कांच्या प्रश्नाला तीन तास कशाला घालवता. त्यांचा मुलगा पुढे भूगोलात नापास झाला, याचा मला अजून आनंद आहे.

हा नकाशा मी तरुणपणी नॉर्वेच्या वकिलातीला पत्र लिहून मागवला. माझी पत्नी कै. मृणालिनी दर दिवाळीला तो ओल्या फडक्याने पुसायची आणि म्हणायची, तुमचं हे सासर एकदा बघून तरी या. मास्तरच्या पगारात नॉर्वे बसत नाही. तिच्या माघारी मी इथे आलो, तेव्हा सामानात सर्वांत आधी हा नकाशा गुंडाळला. शंतनूने विमानतळावर विचारलं, बाबा, हा पाइप कसला आणलात?

टिपणं-कात्रणांसह नकाशा नात नेत्रा हिला द्यावा. ती चौदा वर्षांची आहे आणि मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत 'व्हॉटेव्हर' असं उत्तर देते. तिने तो आपल्या खोलीत लावावा. लावणार नाही, हे मला माहीत आहे.

कलम तिसरे. शेजारी श्री. ऑर्विल हाउगन. यांचे पणजोबा सोग्नमधून इकडे आले. एवढं भाग्य ज्याच्या वाट्याला आलं त्या माणसाने काय करावं? याने गॅरेजमध्ये झेंडा लावला, आणि मे महिन्यात, नॉर्वेच्या राष्ट्रदिनी, टेक्ससच्या उकाड्यात, लोकरीचा स्वेटर घालून घाम पुसत फिरतो. पूर्वज व्हायकिंग होते म्हणतो. अहो, कसले व्हायकिंग. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारी गरीब माणसं ती, पोरं उतारावरून गडगडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत असं म्हणतात. जमीन पुरेना म्हणून इकडे आली. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटावी ती पणतवाच्या अज्ञानाची.

मी त्याला कुंपणापाशी उभं करून सांगितलं की हजारेक वर्षांपूर्वी सोग्नचे आणि आसपासच्या मुलखांचे शेतकरी फियॉर्डच्या तोंडाजवळ गुलेन या ठिकाणी दरवर्षी जमायचे. त्या सभेला गुलाटिंग म्हणत. तिथे कायदा ठरे, तंटे मिटत. कायदा आधी तोंडपाठ असे, मग लिहिला गेला. घराण्याची जमीन बाहेर विकली गेली तर भाऊबंदांना ती परत मागता यायची. पुढे ११८४ साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या साडेचारशे वर्षं आधी, याच फियॉर्डमध्ये फिम्रेइटेला दोन राजे लढले आणि त्यातला एक आपल्या आरमारासकट बुडाला. हाउगनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे गुलाटिंग म्हणजे डॅलसमधलं नवीन रेस्टॉरंट का?

गुलाटिंगवरचं माझं टिपण रेणूने इंग्रजीत उतरवून त्याला द्यावं. तो वाचणार नाही. पण मी गेल्यावर त्याच्या गॅरेजमध्ये झेंड्याखाली काहीतरी खरं असावं, अशी माझी इच्छा आहे.

कलम चौथे. बँकेतल्या ठेवी व निवृत्तिवेतनाची शिल्लक. हे कलम शंतनूबद्दल आहे आणि ते मी सावकाश लिहिणार आहे.

गेल्या वर्षी, जानेवारीत, जेवताना शंतनूने सांगितलं की ऑफिसच्या मित्राने डील काढलंय, जूनमध्ये सगळे नॉर्वेला क्रूझवर जाणार, बोट थेट सोग्नच्या फियॉर्डमध्ये शिरून फ्लॅमला जाते. मग मला म्हणाला, बाबा, तुम्ही येताय का? माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी म्हटलं, नको रे, माझं कशाला, उगीच खर्च.

तो म्हणाला, "ओके." आणि पोळी वाढून घेतली.

आता ज्याला आईबापांनी वाढवलं आहे अशा कोणत्याही माणसाला ठाऊक असतं की पहिलं नको हे रीतीचं असतं. दुसरं भिडेचं. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस 'बघू' म्हणतो, आणि बघू म्हणजे तो बॅग भरायला लागला. शंतनूला हे आम्ही शिकवलं नव्हतं काय? लोकांच्या घरी लाडू पुढे केला की हाच पोरगा तीनदा नको म्हणून चौथ्यांदा दोन उचलायचा. पण पंधरा वर्षं या देशात काढली, आणि आता कुणी नको म्हटलं की ते नकोच. मी पुढे आठवडाभर जेवणाच्या टेबलावर जास्त वेळ बसून राहत होतो. नॉर्वेचा विषय काढत होतो. तो म्हणायचा, हो का, इंटरेस्टिंग.

माझ्या जागी रेणूचे वडील संजीवराव पुण्याहून आले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. यांना फोनवर विचारलं, तर प्रश्न पुरा व्हायच्या आत हो म्हणाले. मी दोन आठवडे इथे राहून लॉनला पाणी घातलं आणि नेत्राच्या माशांना खाणं टाकलं.

परत आल्यावर सर्वांनी मला बसवून व्हिडिओ दाखवला. त्यात जेवणाच्या टेबलांचं चित्रण होतं, बर्फात कोरलेल्या हंसाचं होतं, डेकवर टोपी सांभाळणाऱ्या संजीवरावांचं होतं. गुलेनच्या बाजूने बोट आत शिरली तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं मी विचारलं. ते न्याहारीच्या रांगेत होते. मग फियॉर्ड आला. माझ्या भिंतीवरचा, मृणालिनीने पुसलेला. एक बाजू शंतनूच्या अंगठ्याने झाकलेली होती, तरी दिसला. संजीवराव म्हणाले, व्ह्यू एकदम वॉलपेपरसारखा. आणि माझा मुलगा, नारकर मास्तरांचा मुलगा, म्हणाला, "सेम आपली खाडी, बाबा. फक्त थंड."

सबब, कलम चौथ्यातली रक्कम शंतनूला मिळावी, परंतु पुढील परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच. वेळ दीड तास. इंटरनेट बंद ठेवावं. उत्तरं मराठीत. उत्तीर्ण होण्यास पस्तीस टक्के, यापेक्षा जास्तीची अपेक्षा मी करत नाही.

प्रश्न एक. फरक स्पष्ट करा: फियॉर्ड आणि खाडी. आकृती हवी.

प्रश्न दोन. कारणे द्या: सोग्नच्या समुद्राकडच्या बाजूला मुसळधार पाऊस पडतो, पण आत लार्डालला शेतकरी पूर्वापार पाट काढून शेतं भिजवतात. (घाटमाथा आणि माणदेश आठवल्यास उत्तर येईल. तुला मी दोन्ही ठिकाणी नेलं होतं.)

प्रश्न तीन. गुलेनची सभा तोंडाशी का भरे, आत का नाही? नकाशा पाहून विचार करा.

प्रश्न चार. सोग्नमधल्या उर्नेसचं लाकडी देऊळ, म्हणजे चर्च, आठशे वर्षांहून जास्त काळ उभं आहे. तुमच्या घराचं छप्पर गारांमुळे दर तीन वर्षांनी का बदलावं लागतं? मत मांडा.

पेपर नेत्राने तपासावा, घरात ॲटलास तिच्याकडेच आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा दर जूनमध्ये.

कलम पाचवे. मला त्या सफरीहून आणलेला, लांब नाकाचा, पाठीवर 'मेड इन चायना' लिहिलेला नॉर्वेचा राक्षस संजीवरावांना द्यावा. एकमेकांना शोभतात.

कलम सहावे. माझ्या माघारी शोकसभा घेऊ नये. इथल्या मराठी मंडळाचे लोक शोकसभेतही घरांचे भाव विचारतात. फोटोला हार घालायचाच तर खरा घालावा, प्लॅस्टिकचा नको. हे शेवटचं नको रीतीचं नाही, खरंखुरं आहे, शंतनूने नोंद घ्यावी.

येणेप्रमाणे सहा कलमं लिहून पूर्ण केली.

पुरवणी. वरील मजकूर आज रविवारी दुपारी दिवाणखान्यात दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी मोठ्याने वाचून दाखवला, कारण मजकूर न ऐकता सही करणं ही लबाडी आहे. वारसदार साक्षीदार चालत नाही असं वकिलाने सांगितलं, म्हणून हाउगन आणि माझ्या ऑपरेशनच्या निमित्ताने पुण्याहून पुन्हा आलेले संजीवराव यांच्यावर भागवावं लागलं. संजीवरावांना राक्षस मिळतो आहे, तर वारसदार होता का, असा प्रश्न त्यांनीच काढला. मी राक्षस त्यांना तिथल्या तिथे हयातीतच देऊन टाकला. त्यांनी तो ठेवूनही घेतला. हाउगनला नेत्रा हळू आवाजात इंग्रजी करून सांगत होती. तिसऱ्या कलमाला तो हसला आणि टिपण आत्ताच मिळेल का म्हणाला.

चौथं कलम वाचताना शंतनू मधेच उठून वर निघून गेला. मी थांबलो नाही. वर्गातून पोरं उठून गेली तरी मी कधी थांबलो नाही. रेणू मात्र माझ्याकडे न बघता टेबल पुसत राहिली, स्वच्छ असलेलं.

सह्या व्हायच्या बाकी होत्या, तेवढ्यात तो प्रिंटरवरून काढलेला कागद घेऊन खाली आला. डोळे लाल होते. कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "तेरा जून. डॅलस ते बर्गन, मग तिथून बोटीने सोग्न. आपण दोघंच, बाबा. विचारत नाहीये."

मी चष्मा लावून कागद नीट वाचला. तारीख बरोबर आहे. बर्गनचं स्पेलिंग बरोबर आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे की ही तिकिटं रद्द करता येणार नाहीत आणि पैसे कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाहीत. गुरुवारी माझं काय होऊ शकतं ते डॉक्टरांनी याच्यासमोर, याला खुर्चीवर बसवून सांगितलं आहे. आणि एवढा शिकलेला, एवढ्या मोठ्या कंपनीतला माणूस रविवारी बसून असली तिकिटं काढतो. मी त्याला तसं स्पष्ट सुनावलं. म्हटलं, अरे शहाण्या, काय लिहिलंय ते वाचलंस तरी का?

तो म्हणाला, "वाचलं, बाबा. म्हणूनच तीच काढली."

सबब, कलम चौथे जूनअखेरपर्यंत तहकूब समजावं. परीक्षा मी स्वतः घेईन, बोटीवर, तोंडी.

स्थळ: प्लेनो, टेक्सस
दिनांक: ११ मार्च २००७

(सही) प्रताप यशवंत नारकर

साक्षीदार:
१. (सही) ऑर्विल हाउगन, शेजारी
२. (सही) संजीव गजानन पटवर्धन, व्याही