वीसच्या जागी पाच

३ मार्च, सकाळ
बीपीची गोळी बदलली. जुनी लिसिनोप्रिल कुठे मिळेना, म्हणून डॉक्टरांनी रॅमिप्रिल लिहून दिली. बरंच काही समजावून सांगत होते, पण माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे. चेहरा ठीक वाटला. प्रश्न विचारले नाहीत. विचारले की माणूस घाबरलाय असं वाटतं. मी घाबरलेलो नाही.

दुपार
जुनी पट्टी आणि नवी पट्टी शेजारी शेजारी ठेवली. जुनीवर २० मिलिग्रॅम. नवीवर ५. इतकी वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. वीसच्या जागी पाच ठेवणाऱ्याला आमच्या धंद्यात चोर म्हणतात.

४ मार्च
शक्यता दोन. एक, डॉक्टर चुकले. दोन, त्यांनी माझी आशा सोडलीय, आणि औषध उगाच कशाला वाया घालवायचं असा विचार केलाय. दुसरी शक्यता मनातून काढून टाकली. दिवसभर काढूनच टाकत होतो.
वडील बीपीनंच गेले. जेवता जेवता तोंड वाकडं झालं, घास हातातच राहिला. मी समोर बसलो होतो. त्याचा इथे काही संबंध नाही.
संकल्प: बीपी दिवसातून एकदाच मोजायचं.

५ मार्च
चहाआधी एकदाच मोजलं. मग चहानंतर एकदाच. मग खात्रीसाठी. दर वेळी १२८/८२ च्या आसपास, म्हणजे पूर्वीइतकंच. चौथाई औषधावर पूर्वीइतकं कसं येईल? अर्थ उघड आहे: मशीन बिघडलं. दुकानात नेऊन उघडलं. आता ते काहीच दाखवत नाही. निदान खोटं तरी बोलत नाही.
सौ. म्हणाली, डॉक्टरांना फोन करा. मापांतलं मला कळतं, असं तिला शांतपणे सांगितलं. आवाज चढला असेल थोडा.

६ मार्च
एका सोनाराचा काटा दुरुस्तीला आलाय. त्यावर नवी गोळी ठेवली. एकशे दहा मिलिग्रॅम! पाच लिहून एकशे दहा? आधी आनंद झाला, मग घाम फुटला. एवढं पोटात गेलं? मग जुनी ठेवली. दोनशे. म्हणजे पुन्हा नवी कमीच. नेमकं कशाला घाबरायचं ते ठरेना. म्हणजे, नेमकं काय समजायचं ते ठरेना.
औषधवाल्याला गाठलं. तो म्हणाला, बाकी सगळं गोळीला आकार यावा म्हणून घातलेलं असतं, औषध त्यात पाचच. म्हणजे पाचच! तो पुढेही काही सांगत होता. थांबलो नाही.
संध्याकाळी सौ.ला सगळं सांगितलं, वडिलांच्या घासापर्यंत. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. मला हलकं वाटलं. तिनं ताट अर्धं टाकलं.

८ मार्च, सकाळ
निर्णय झाला. पाच चोक वीस. पाढ्याला डॉक्टर लागत नाही. चार गोळ्या एकदम घेतल्या. सौ.ला सांगितलं नाही, उगाच घाबरायची. छाती हलकी वाटतेय.

थोड्या वेळानं, धान्याच्या गोदामात
डोकंही हलकं वाटतंय. भिंत जरा

९ मार्च, दवाखाना
काल गोदामात मोठा काटा तपासत होतो, त्यावरच आडवा झालो. हमालांनी आधी आकडा वाचला म्हणे, मग मला उचललं. ७१ किलो. काटा बरोबर होता. बीपी ८०/५०. सलाइन लावलं. सौ. धावत आली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला.
डॉक्टर म्हणाले, "अहो, गोळ्या एकाच घराण्यातल्या, पण ताकद वेगळी. जुनीचे वीस जे काम करायचे, ते नवीचे पाच करतात. औषध वेगळं असलं की नुसते मिलिग्रॅम समोरासमोर ठेवायचे नसतात. हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं."
मला साधारण अंदाज होताच, असं म्हणालो. सौ.नं तोंड फिरवलं.

१६ मार्च
तपासणी. मला पाचचीच, एकच. बीपी उत्तम. जिंकलो.
सौ. बाजूलाच बसली होती, म्हणून डॉक्टरांनी सहज तिचंही घेतलं. १७०/१०४. थोडं थांबून परत घेतलं. तेवढंच. मग तिनं सांगितलं, त्या घासाची गोष्ट ऐकल्यापासून झोप नाही. मी श्वास घेतोय ना, ते बघत ती रात्रभर पडून राहते. मला ठाऊकच नव्हतं. मी झोपेत होतो.
तिलाही गोळी सुरू. रॅमिप्रिल, अडीच.
घरी येताना तिला म्हणालो, काही काळजी करू नकोस, मी आहे ना धीर द्यायला.
ती जिन्यात थांबली. म्हणाली, "गोळी मी रोज घेईन. तुम्ही फक्त धीर देऊ नका."