काट्यावरची घोडी

३ फेब्रुवारी
नवा नियम! घोड्यांना गुंगी आणायचं इंजेक्शन आता दुहेरी कुलपात ठेवायचं. डोस वजनावर ठरतो, म्हणून प्रत्येक वेळी जनावराच्या वजनासकट नोंद; ती तर आम्ही आधीपासून करतोच. का, तर शहरात माणसं ते स्वतःला टोचून घेतात. चोर सोडून संन्याशाला सुळी!

५ फेब्रुवारी
औषध-इन्स्पेक्टर आला. चिखलाचे बूट घालून थेट आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या औषधांच्या खोलीत. "तुमची खरेदी इतरांच्या दुप्पट आहे, बाई." बाई! डॉक्टर म्हणायला जड जातं मेल्याला. नोंदी जुळल्या नाहीत तर लायसन जाईल म्हणे. इंजेक्शनं देतो आम्ही दोघंच – मी आणि बाबा. लायसनवर नाव माझं. बघू कशा जुळत नाहीत!

९ फेब्रुवारी
इन्स्पेक्टरने वजनकाटा आणवला. जनावरांचा! बाबांचं डोकं फिरलं. "चाळीस वर्षं नजरेने वजन सांगतोय. दहा किलो चुकलो तर मिशी उतरवीन." इन्स्पेक्टर त्यांच्याकडे बघून हसला. थोबाडीत द्यावीशी वाटली.

१२ फेब्रुवारी
रायडिंग स्कूलची पांढरी घोडी काट्यावर उभी केली. तीनशे नव्वद.
बाबांच्या गेल्या महिन्याच्या नोंदीत – पाचशे दहा.
"वय झालंय," मी म्हटलं. "घोडीचं की वडिलांचं?" इन्स्पेक्टर म्हणाला. सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचाय.
बाबांची नजर अजून पक्की आहे. एकशेवीस किलोंनी ते चुकणारच नाहीत. मग जास्तीचं औषध गेलं कुठे?

१३ फेब्रुवारी
सरळ विचारलं. आधी अंगावर धावून आले. मग औषधांच्या खोलीचं दार लावून घेतलं.
"धाकट्यासाठी."
माझा भाऊ! रोज माझ्यासमोर बसून जेवतो!
"बाहेरून घेतलं तर मरेल गं. त्यात काय काय मिसळतात. मी मोजून देतो. हळूहळू कमी करतोय."
किती दिवस? दीड वर्ष. कमी झालं? – त्यांनी आपली चावी काढून माझ्यापुढे ठेवली. जनावरांचा डॉक्टर पोटच्या पोराला घोड्याचं औषध देतो, आणि त्याला उपचार म्हणतो! तुरुंगात मी गेले असते, ते दिसलं नाही का?
"तू खंबीर आहेस."
राग राग येतो या शब्दाचा. धाकट्याने काहीही करावं, मी खंबीर असावं. लहानपणापासून हेच. आज पहिल्यांदा बाबांना 'चालते व्हा' म्हटलं. त्यांच्याच दवाखान्यातून.

१४ फेब्रुवारी
दोन्ही चाव्या माझ्याकडे. बाबांशी बोलणं बंद. धाकट्याला सकाळी हॉस्पिटलात नेणार. सोमवारी इन्स्पेक्टरला सगळं सांगणार. ठरलं म्हणजे ठरलं.

१५ फेब्रुवारी
धाकटा हॉस्पिटलात यायला तयार होईना. घामाने भिजलेला, दातावर दात आपटत होते. पाय धरले माझे – "ताई, फक्त आजच्या दिवस." बाबांनी चाव्यांसाठी हात पुढे केला. त्यांना न देता कुलपं मीच उघडली.
सुई मी टोचली.