धक्क्यावरचा फळा

३ मार्च

प्रिय वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी घोटभर पाणी पी. वाईट बातमी नाही. मी ठणठणीत आहे, चष्म्यांचं दुकान चालू आहे, काचा घासून घासून बोटांची सालं निघतात तेवढीच काय ती तक्रार. तू कशी आहेस? त्या हेडनर्सबाई नकोशा ड्यूट्या अजून तुझ्याच गळ्यात मारतात का? तुला देवाने तोंड दिलंय, ते कधीतरी उघडत जा गं.

आता मुद्द्यावर येते. एप्रिलमध्ये आठ दिवस रजा काढ. मी सहल आखतेय, तुझी न् माझी. कुठे ते वाचून पत्र चुरगळू नकोस. त्या मोठ्या बेटावर.

हो, त्याच. आठ वर्षं आपण दोघी त्या बेटाचा विषय टाळत एकमेकींना वर्षाकाठी दोन कार्डं पाठवतोय. मला आता याचा कंटाळा आलाय. आणि जागा म्हणून बघितलं तर तिथे वाईट काय आहे? बोटीतली सगळी मंडळी पुढच्या छोट्या बेटावर जातात, छत्र्यांखाली पालथी पडायला. मोठ्या बेटाला बोट जेमतेम दहा मिनिटं थांबते, टपाल आणि गॅसच्या टाक्या उतरवते आणि चालायला लागते. एवढं अवाढव्य बेट, या टोकाहून त्या टोकाला जायला बसने अख्खा दिवस लागतो, मध्ये डोंगर, डोंगरात तळं, आणि फिरायला आलेला माणूस औषधालाही सापडत नाही.

तुला दादाने सांगितलंच असेल, पण मी पुन्हा सांगते. बाबांच्या शिवणकामाला सुट्टी म्हणून नव्हती, त्यामुळे आम्हाला कुठे नेणं त्यांना कधी जमलं नाही. मग दादा आणि मी कापड बेतायच्या टेबलाखाली बसून कागदावर सहली आखायचो. गाडीची वेळ, बॅगेत काय घ्यायचं, पहिल्या दिवशी काय बघायचं, सगळं. खाली दोघांनी सह्या करायच्या. सह्या झाल्या की बेतात काडीचा बदल करायचा नाही, हा नियम. शाळेच्या नकाशात ते बेट सूचीच्या चौकटीखाली अर्धं झाकलं गेलं होतं. दादा म्हणाला, उरलेलं अर्धं आपण जाऊन बघू. तेव्हा मी सात वर्षांची होते.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्याच्यावरूनच बेत करतेय: पहिला दिवस धक्का आणि गाव, दुसरा तळ्याचा, तिसऱ्या दिवशी बसने पलीकडचा किनारा. विश्रामगृहाला पत्र टाकलंय. दादाविषयी तिथे काही बोलायचं नाही, हवं तर तसं आत्ताच ठरवून टाकू. नुसतं फिरायचं. लोकरीचे मोजे घे, वारा फार असतो म्हणे.

उत्तर 'नाही' असेल तर जरा उशिरा पाठव. तेवढे दिवस तरी मला बेत करता येईल.

तुझी नणंद


२१ मार्च

वहिनी,

तुझं कार्ड पोचलं. एकच ओळ, पण काय ती ओळ. 'ज्या जागेसाठी तो मला टाकून एकटा गेला, ती जागा मला बघायची नाही.' रागावले नाही मी. त्यातल्या 'एकटा' या शब्दावर लगेच काही लिहायला बसले होते, पण दुकानात गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं.

विश्रामगृहाच्या बाईंचंही पत्र आलंय. वरची खोली मिळेल, खिडक्या दोन, त्यातली एक समुद्राकडे उघडते आणि दुसरी उघडत नाही. बॅटरी आणा, वीज जाते. बाई बोलक्या दिसतात. न विचारता चार पानं लिहिलीत.

त्यात त्यांच्या धक्क्यावरच्या फळ्याची हकिकत आहे. शाळेत असतो तसा काळा फळा. ज्याला कुणाची वाट बघायची असेल त्याने त्या माणसाचं नाव खडूने फळ्यावर लिहायचं. ते माणूस बोटीतून उतरलं की त्याने स्वतःच्या हाताने आपलं नाव पुसायचं, मगच गावात शिरायचं. दुसऱ्या कुणी पुसायचं नाही. मला वाटलं, काय छान आहे. मग पुढचं पान वाचलं. जसंच्या तसं उतरवते:

'तुमच्याच शहरातले एक पाट्या रंगवणारे गृहस्थ आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे उतरले होते. आमच्या दारावरची पाटी त्यांचीच. रोज धक्क्यावर जाऊन बसायचे. नवव्या दिवशी होडी घेऊन गेले ते गेलेच. फळ्यावर त्यांनी लिहिलेलं नाव तेवढं मागे राहिलं. पाऊस पडला की पुसलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा असतं. आम्ही आता त्याबद्दल बोलत नाही. तुमच्या शहरात गुंडी नावाचं कुणी आहे का हो?'

गुंडी म्हणजे मी, वहिनी. दोन वर्षांची असताना बाबांच्या डब्यातली गुंडी गिळली म्हणून दादाने ठेवलेलं नाव. त्याच्याशिवाय मला त्या नावाने कुणी हाक मारली नाही, आईसुद्धा नाही. तुझ्या कानावर तरी कधी आलं होतं का?

कुणीतरी टवाळकी करत असणार. तेवढ्याशा गावात लोकांना दुसरा उद्योग काय? पण आठ वर्षं एकच टवाळकी करायची म्हणजे चिकाटी पाहिजे. मी धक्क्यावरच्या तिकिटवाल्याचा फोन नंबर मागवलाय.

तुझी नणंद


५ एप्रिल

वहिनी,

हे पत्र बसून वाच.

तिकिटवाल्याशी बोलले. कानाने कमी आहेत, त्यामुळे मी दुकानात बोंबलत होते आणि मालक वर मान करून बघत होते. विचारलं, ते नाव लिहितं कोण? म्हणाले, लिहिताना कुणी दिसत नाही. पाऊस पडून गेला की सकाळी मी खिडकी उघडतो तेव्हा एकच अक्षर असतं, शेवटचं. दुपारी एकच्या बोटीला बघावं तर त्याच्या आधीचंही आलेलं असतं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं, तर वैतागून ओरडले, "उलटं येतं हो ते! मागून पुढे!"

फोन ठेवला आणि स्टुलावर बसकण मारली. तुझ्या दारावरची पाटी रंगवताना दादा शिडीवर होता, तू खालून ओरडत होतीस की आडनाव शेवटाकडून का लिहितोस म्हणून. आणि तो म्हणाला होता, शेवटचं अक्षर आधी बसवलं की त्याला जागा कमी पडत नाही. आयुष्यभर त्याने तसंच लिहिलं. किराणाची यादीसुद्धा.

आता जे राहून गेलं होतं ते लिहिते. त्या दिवशी दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं नव्हतं.

'मला एकट्याला जायचंय' असं दादा कधीच म्हणाला नाही. ते वाक्य माझं आहे. मी रचलं.

तो आणि मी मिळून जाणार होतो. कामाला जातो असं तुला खोटं सांगून तो निघाला, कारण दहा दिवसांनी तुझ्या वाढदिवसाला तुला तिकीट पाठवायचं होतं. तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही, असं त्याने मला बजावलं होतं. किती खुशीत होता. आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याने तो जुना कागद आणून माझ्या हातात दिला. आमच्या दोन सह्यांच्या मध्ये त्याने तुझं नाव घातलं होतं.

तेवढंच झालं. सह्या झालेला बेत त्याने बदलला. चाळिशीला टेकलेली बाई मी, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी बंदरावर गेलेच नाही. दुकानात बसून बावीस जोड काचा घासल्या. त्याला काही कळवलं नाही. मी मागच्या बोटीने येईन असं धरून तो पुढे गेला. म्हटलं, बसू दे वाट बघत.

आठ दिवस तो रोज बोटीला हजर होता. नवव्या दिवशी दाट धुकं होतं. बोट धक्क्याला लागलीच नाही, भोंगा वाजवत तशीच पुढे गेली. त्याला वाटलं मी आत आहे आणि बोट मला घेऊन चाललीय. म्हणून होडी काढली. तिकिटवाल्यांनीच तेव्हा त्याला अडवायचा प्रयत्न केला होता, त्यांनी मला फोनवर सांगितलं. होडी रिकामी सापडली हे तुला ठाऊक आहे. तो कुणाला गाठायला निघाला होता, ते मी तुला आज सांगतेय.

सरकारी पत्रात 'एकटेच उतरले होते' असं होतं. तू हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ते हातात धरून मला विचारलंस, तुला काही बोलला होता का? मला लाज वाटत होती, आणि ते वाक्य पटकन तोंडात आलं. तू ते आठ वर्षं उराशी धरून बसलीस आणि मी बघत राहिले. तो तुला टाकून गेला नव्हता, वहिनी. तुझ्यासाठी खोली बघायला गेला होता.

नऊ तारखेच्या बोटीने मी जातेय. माझं नाव मलाच पुसायचंय. तुझं तिकीट सोबत ठेवलंय. फाडलंस तर तुझा हक्क आहे, पण मला एकटीला फार भीती वाटते.

तुझी नणंद


१४ एप्रिल
विश्रामगृह, वरची खोली

वहिनी,

बोटीची शिडी वर घेईपर्यंत बंदरावर तुला शोधत होते. तू आली नाहीस, बरोबरच आहे.

इथे मी एकटीच उतरले. फळा माझ्या डोक्याहून उंच आहे. त्यावर माझं नाव होतं, आणि नावाच्या वरखाली त्या दोन फिक्या रेघा, तो अक्षरं सरळ यावीत म्हणून आधी मारायचा तशा. मी तळहाताने पुसलं. खडू ओला होता. बाकी काही झालं नाही. मी तिथेच धक्क्यावर बसून हमसाहमशी रडले, आणि तिकिटवाले खिडकी लावून आत गेले.

नंतर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कागदावर होतं तसं सगळं केलं. तळं पाहिलं. तिसऱ्या दिवशी बसने नकाशात झाकलेल्या बाजूला गेले. तिथे गवत आहे, गवतात दगड आहेत आणि पुढे पुन्हा समुद्र आहे. फळा चार दिवस कोरा होता. मी बॅग भरायला घेतली होती.

आज सकाळी धुक्यात गेले, तर फळ्याच्या उजव्या टोकाला एक अक्षर. 'ळी'. वरखाली रेघा, आणि डावीकडे दोन अक्षरांची जागा सोडलेली.

आपल्यात असा शेवट असलेलं नाव कुणाचंच नाही. पुष्कळ डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, जसं माझ्यासाठी त्याचं एक नाव होतं तसं तुझ्यासाठीही असेल, आणि ते मी कधी ऐकलं नसेल. तुला कळलं असेलच. मला सांगू नकोस.

मी ते फडक्याने पुसलं. तिकिटवाले धावत आले, तुमचं नाव नाही, तुम्ही का पुसता म्हणाले. एकच्या बोटीपर्यंत अक्षर परत आलं, आणि त्याच्या डावीकडे आधीच्या अक्षराची अर्धी रेघ ओढलेली. खडू अजून ओला आहे. बाहेर धुकं हटत नाही. अधूनमधून भोंगा वाजतो, बोटीची वेळ नसताना. बाई म्हणतात, त्या दिशेला बघू नका, जेवायला चला.

मागच्या वेळी मी तुझ्यापासून लपवलं, म्हणून या वेळी लगेच कळवतेय. मला विचारशील तर येऊ नकोस. रोज सकाळी मी फळ्यापाशी जाईन आणि शब्द पुरा होऊ देणार नाही. इथे खोली आहे, बाई जेवायला घालतात, काचा घासायला दुसरं कुणी मिळेल.

पण हेही नीट ऐक. पुसताना मला तुझी काळजी वाटत होती, की तोच जुना राग वर आला होता, हे मला आत्तासुद्धा छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्यामुळे ठरवायचं ते तूच ठरव. बोट रोज दुपारी एकला लागते. मी फडका घेऊन उभी असते. तू उतरलीस, तर तो तुझ्या हातात देईन आणि बाजूला होईन.

जिची आता इथे कुणी वाट बघत नाही, ती
गुंडी