बाबांवर गेला

वाढवण, १२ ऑगस्ट २०२५

ती. स्व. देवकीताईस,
शि. सा. न. वि. वि.

नारळी पौर्णिमा झाली, होडी पाण्यात लोटली. तू आली नाहीस म्हणून तुझी भावजय संगिता तुझ्यावर फुगली आहे. तुझ्या वाटच्या करंज्या मीच संपवल्या.

मुख्य बातमी आमच्या धर्मेशची. पोरगा बाविशीचा झाला, म्हणून पूजेनंतर मंडळींनी त्याला पहिल्यांदा पेला दिला. एकाचे चार झाले, तरी गडी फळीवरून सरळ चालत होडीत चढला. त्याच्या बरोबरीचा नविन वाळूत आडवा. म्हातारी मंडळी म्हणाली, हा थेट आजोबांवर गेला. खरं सांगतो, माझी छाती फुगली. आपल्या बाबांचा तोल तरी कधी कुणी गेलेला पाहिला का? नाहीतर तू, होळीच्या दोन घोटांत ओकाऱ्या काढणारी. घराण्याचं नाव घालवलंस.

तुझ्या कल्पिताचं नर्सिंगचं शिक्षण काय म्हणतं? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
रामू

---

तलासरी, २० ऑगस्ट २०२५

चि. रामूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो हो म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून मीही पत्रच लिहिते. तुझं पत्र कल्पिताला वाचून दाखवलं. वाटलं, हसेल. तिने पत्र माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचलं. तिचं म्हणणं, ज्याला चढत नाही त्याचीच जास्त काळजी करावी. माझं शरीर दोन घोटांत बस म्हणतं. काहींचं शरीर ते वेळेवर सांगतच नाही. माणूस पीत राहतो आणि सवय कधी जडली ते त्यालाही कळत नाही. हे बरंचसं रक्तातून येतं म्हणे.

बाबा आठवले आणि रडू आलं. त्यांचा तोल जात नव्हता, म्हणून ते फार पितात हे आईचं म्हणणं कुणी खरं मानलं नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा सगळ्यांना पटलं, पण तोवर उशीर झाला होता. मला धर्मेशची भीती वाटते रे.

रागावलास तरी पत्र लिही.

तुझी,
ताई

---

वाढवण, २ सप्टेंबर २०२५

ताईस,
सा. न.

बाबा गेले, आता त्यांच्या रक्ताला नावं ठेवायची? आणि रक्तातच असेल तर पोराने काय करायचं, रक्त बदलून आणायचं? उद्या त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो तर काय सांगू? मीही बाबांचाच मुलगा. रोज घेतो, पण त्यापायी एक दिवस समुद्र चुकवला नाही.

संगिता म्हणते, हे पत्र टाकू नका. तरी टाकतोय.

रामू

---

तलासरी, १० सप्टेंबर २०२५

चि. रामूस,
आशीर्वाद.

राग पोचला. तुझा प्रश्न कल्पिताला विचारला. ती म्हणते, रक्तातून धोका येतो, दारू येत नाही. आपण दोघंही बाबांचीच मुलं, तरी तू एक तऱ्हेचा आणि मी दुसऱ्या. धोका आधी कळला तर माणसाला लांब राहता येतं, आणि सवय जडली असेल तर उपचार आहेत. मुलीकडच्यांना काही सांगू नकोस. फक्त पोराची पाठ थोपटू नकोस, एवढंच माझं मागणं.

रोज घेतो हे तू सहज लिहून गेलास. जाळं सांधताना सकाळी हात थरथरतो का, तेवढं कळव.

तुझीच,
ताई

---

वाढवण, २६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, ते रागाने नव्हे.

परवा नविनची हळद झाली. पेले फिरू लागले आणि मंडळींनी आजोबांचा नातू म्हणून धर्मेशला पुढे ढकललं. मी उठलो. सांगितलं की याला देऊ नका, नारळी पौर्णिमेनंतर हा दिवसभर ओकत होता, हा आजोबांवर नाही, आत्यावर गेलाय. सगळे पोट धरून हसले. मी खोटं बोलतोय हे धर्मेशला ठाऊक होतं. तो नुसता माझ्याजवळ येऊन बसला. तेव्हा घराण्याचं नाव तू घालवलंस, हे मी परत घेतो.

आता तुझं उत्तर. हो, थरथरतो. जाळ्याच्या सुईत दोरा संगिता भरून देते. मी एकदम सोडणार होतो, पण संगिताने कल्पिताला फोन लावला. एकदम बंद केलं तर जिवावर बेततं, आधी डॉक्टरांना दाखवा, असं तिने बजावलं. त्यासाठीच सोमवारी तलासरीला तुझ्याकडे येतो. धर्मेश मला धरून आणणार म्हणतो. धरायला नको, माझा तोल कधी जात नाही, असं त्याला सांगून पाहिलं. तो ऐकत नाही.

दार उघडं ठेव, माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा,
रामू