बहात्तरावा टोला

ब्रॅमवेल कॉलेज, ओहायो
२ मार्च २०२५

प्रिय लेलंड,
अनेक आशीर्वाद. गुडघा बरा आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. या प्रवेश-कचेरीत एकतीस वर्षं काढली, पण इतका सुना मार्च पाहिला नाही. यंदा नव्वद नवी मुलं आली नाहीत, तर कॉलेजला टाळं लावायचं विश्वस्तांनी ठरवलंय. तुझ्या मॅरेनचा अर्ज अजून नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक नवं मूल घंटेचा एक टोला देतं, तुला ठाऊक आहेच. भाचीचा टोला ऐकून निवृत्त व्हावं, एवढीच माझी इच्छा. तिला सांग, आत्या वाट पाहतेय. माझी आठवण ठेवा.
तुझी ताई, व्हर्ना

ऑटर फोर्क
१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझ्या पत्राबरोबरच तुझ्या कॉलेजचं जाड पाकीट आलं, आमच्या रस्टीच्या नावाने! मॅरेनने गमतीत कुत्र्याच्या नावाने चौकशीचा फॉर्म भरला होता. आता त्याला प्रवेश मंजूर झालाय, वर शिष्यवृत्तीही, आणि खाली सही तुझी. नव्वदांत त्यालाही धरलंस की काय? हुशार आहे तसा, पण गणितात कच्चा.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. मॅरेनने वीज कंपनीत लाइनमनची उमेदवारी धरलीय. म्हणते, चार वर्षं बाकावर बसण्यापेक्षा खांबावर चढून शिकेन. मी वाद घातला, तर म्हणाली, बाबा, तुमच्या वर्गात चाळीस मुलं होती, आमच्यात चौदा. जन्मलीच नाहीत ती पोरं आत्या आणणार कुठून? माया कमी करू नकोस.
तुझा, लेलंड

ब्रॅमवेल
२८ ऑगस्ट

प्रिय लेलंड,
अ. आ. रस्टीचं नाव काढलं. तो दोन महिने आमच्या आकड्यांत होता, हे प्राचार्यांना सांगितलं नाही. काल टोले झाले. खिडकीत उभी राहून मोजले, एकाहत्तर. पूर्वी दुपार व्हायची, काल माझी कॉफी निवायच्या आत आटोपलं. या मुलांना पुढे शेजारचं कॉलेज घेईल. आम्ही मे महिन्यात बंद.

मॅरेनवर मी रागावलेय. ती एकटी येऊन काही फरक पडला नसता, हे कळतं, तरी रागावलेय. तिला तसं सांग. जीव आहे, तेही सांग.
व्हर्ना

ब्रॅमवेल
३ जून २०२६

प्रिय लेलंड,
अ. आ. काल मी किल्ल्या द्यायला गेले होते, तेवढ्यात वीज तोडायला कंपनीची गाडी आली. आपल्या वरिष्ठाबरोबर उतरली ती मॅरेन. मला पाहून चपापली. दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगू का, असं तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, तुझं काम तू कर. भराभर वर चढली. मी खालून बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. मग कचेरीतला दिवा गेला.

खाली आल्यावर हातमोजे काढत तिने विचारलं, घंटेला तर वीज लागत नाही ना? आणि गेली, दोरी ओढली. सवयीने मी मोजला, बहात्तर. मग मात्र रडू आवरलं नाही, तिच्यासमोरच.

रविवारी जेवायला येतेय. रस्टीला सांग, त्याची जागा शेवटपर्यंत रिकामीच होती. असाच जिव्हाळा राहू दे.
तुझी ताई, व्हर्ना