दाराच्या चौकटीवरचा अर्धा इंच

प्रिय दादा,

"वहिनी, हा पोरगा आता तुमचा एकटीचा राहिला नाही." तुझे बास्केटबॉलचे सर आपल्या स्वयंपाकघराच्या दारात, चहाचा कप हातात धरून आईला म्हणाले होते. आठवतं? तू चौदाचा होतास, मी दहाची. आई हसली. मला मात्र वाटलं, खरंच कुणी तुला घेऊन जाणार की काय.

तू जाऊन दीड वर्ष झालं. आज लिहायला बसले, कारण परवा तेच वाक्य पुन्हा ऐकलं. कोथरूडच्या मैदानावर, इराच्या सरांकडून. "मॅडम, ही आता तुमची एकटीची नाही." अरे, तुझी भाची तेरा वर्षांची आहे! तिच्या सामन्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. लिफ्टमध्ये लोक तिच्याबरोबर फोटो काढतात. आणि मी तिचा हात धरून तिला घरात ओढते.

तुझ्या वेळी व्हिडिओ नव्हते. पेपरात फोटोसकट एक चौकोनी बातमी आली होती, तेवढीच. घरी नुकतंच केबल आलं होतं, त्यावर परदेशातले उंच खेळाडू दिसायचे. बाबांना वाटायचं, आता आपल्याकडेही काहीही होऊ शकतं.

मग दर महिन्याच्या एक तारखेला तुझी उंची मोजणं सुरू झालं. तू चवड्यांवर उठू नयेस म्हणून बाबा खाली बसून तुझ्या टाचा दाबून धरायचे. "खोटं चालणार नाही," म्हणायचे. मी स्टुलावर चढून तुझ्या डोक्यावर पट्टी ठेवायचे आणि चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारायचे.

एका महिन्यात तू वाढलाच नाहीस. बाबांनी खालून विचारलं, "किती?" त्यांचा आवाज मला सहन झाला नाही. मी पट्टी जरा तिरकी केली. अर्धाच इंच. किती खूश झाले ते! त्यानंतर थांबता कसं येणार होतं? एकदा वर गेलेली रेघ खाली कशी आणायची?

बाबा तो आकडा सरांना सांगायचे, सर पेपरवाल्यांना. एवढा उंच होणारा मुलगा म्हणून सरांनी तुला कायम बास्केटखाली उभं केलं. टप्पे मारत चेंडू पळवणं, लांबून टाकणं ही बुटक्या मुलांची कामं. तू शिकवा म्हणालास, तर म्हणाले, "उंटाने नाच शिकायचा नसतो."

सतराव्या वर्षी निवड शिबिरात खऱ्या मापाखाली उभा राहिलास आणि दोन इंच कमी भरलास. तिथल्या सरांनी चेंडू पुढे टाकला, पळवून दाखव म्हणाले. तुला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

स्वारगेटला उतरून घरी आलास. बॅगही न ठेवता टेप घेतलास, माझ्या रेघा मोजल्यास, आणि ओल्या फडक्याने एकेक पुसून टाकलीस. मी दाराआड उभी होते. तू मला एक शब्द बोलला नाहीस. का नाही बोललास रे? एक थोबाडीत दिली असतीस तरी चाललं असतं.

शेजारच्या काकांनी दुसऱ्याच दिवशी जिन्यात विचारलं, "काय चॅम्पियन, आमच्या माळ्यावरचा डबा काढण्यापुरती तरी उंची आहे ना?" तू जाऊन डबा काढून दिलास.

मग कॉम्प्युटरचा कोर्स, हिंजवडीची कंपनी, रोजची बस. कंपनीच्या संघात बोलावलं, तर म्हणालास, मी फक्त कॅरम खेळतो.

पण इरा सहा वर्षांची असताना तूच पार्किंगमध्ये तिच्या हातात चेंडू दिलास. नुसते टप्पे, तेही डाव्या हाताने. "मामा, बास्केट कधी?" ती विचारायची. "ते तुला सगळेच शिकवतील," तू म्हणायचास.

काल तिने पट्टी आणून माझ्या हातात दिली. सरांनी दर महिन्याला उंची कळवायला सांगितलंय. चौकटीला टेकून उभी राहिली, ताठ, श्वास रोखून. मग हळूच म्हणाली, "आई, जरा वरच लाव हं."

दूध उतू जातंय म्हणून मी आत पळाले. गॅसवर दूध नव्हतंच.

मला सरांची भीती वाटते दादा, त्या व्हिडिओची वाटते. सगळ्यांत जास्त माझ्या या हाताची वाटते.

आज ती शाळेतून आली की मी पट्टी सपाट धरेन. येईल तिथेच रेघ मारेन, तिचा चेहरा पडला तरी. आणि तिच्या सरांना सांगेन, ही किती वाढेल ते राहू दे, आधी हिचे टप्पे बघा. हा माझा शब्द.

एक मागू? एकदा म्हण, की त्या रेघा कुणी वाढवल्या ते तुला कधी कळलंच नाही. स्वप्नात येऊन म्हण, कसंही म्हण. म्हणणार नाहीस, माहीत आहे मला. आपल्या घरात खोटं बोलणारी मी एकटीच होते.

तुझी,
नीलू