गुग्गुळाचे मंगळवार

४ फेब्रु., मंगळवार
औषधाच्या चाचणीसाठी दवाखान्यात रक्त दिलं, नवी डबी आणली. गुडघ्यांसाठी गुग्गुळाचा अर्क. माणसाला तो बाधत नाही ना, हे आधी आम्हा म्हाताऱ्यांवर बघणार. उंदरांचं बघून झालंय म्हणे. डॉक्टर मुलगी आहे, तिशीची. झोप कशी, भूक कशी, पोट साफ होतं का, सगळं विचारते आणि उत्तर संपेपर्यंत थांबते. बायको, सु., दिवाळीपासून बंगळुरूला, नातवाजवळ. फोनवर ती ‘जेवलात का?’ विचारते, मी ‘हो’ म्हणेपर्यंत बाळ रडतं. कोथरूडच्या या घरात मंगळवार सोडून कोणाशी बोलणं नाही.

९ फेब्रु.
दोन्ही कोपरांवर पुरळ. खाज. डबीबरोबरच्या कागदावर छापलंय, अंगावर काही उठल्यास लगेच कळवा. कळवलं की औषध बंद, नाव कमी. खोबरेल लावलं.

११ फेब्रु., मंगळवार
लांब बाह्यांचा शर्ट. ‘काका, काही त्रास?’ ‘छे.’ इतकं सहज खोटं बोललो की शरम वाटली. ती खूश. कोणालाच त्रास नाही, पुढच्या तुकडीला दुप्पट मात्रा द्यायचं चाललंय.
बाहेर मुल्लांबरोबर चहा. भवानी पेठेतले शिंपी, याच चाचणीत. बायको गेल्यापासून एकटे. मनगट खाजवत होते.
‘तुम्हालाही?’
‘बोललो तर बंद करतील, साहेब. मग मंगळवारी जायचं कुठं?’


१३ फेब्रु.
दुप्पट मात्रेनं एखाद्याचा घसा सुजला तर? आम्हा दोघांच्या खोट्याच्या भरवशावर. सु.ला फोनवर सांगणार होतो. बाळ उठलं.

१८ फेब्रु., मंगळवार
डॉक्टरला सांगितलं. बाही वर करून दाखवली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.
‘आधी का नाही बोललात?’
‘तुम्ही विचारायचं बंद केलं असतं म्हणून.’
तिनं पुरळ नीट बघून लिहून घेतलं. औषध बंद. पुरळ जाईपर्यंत मात्र मंगळवारी येऊन दाखवायचं. मुल्लांचं नाव काढलं नाही, त्यांचं त्यांनी सांगावं. बाहेर त्यांना म्हटलं, मी सांगून टाकलं. ‘तुम्ही सुटलात, साहेब,’ म्हणाले. चहाला थांबले नाहीत.

२५ फेब्रु., मंगळवार
दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. पुरळ जवळजवळ गेलं. ‘छान, आता यायची गरज नाही,’ डॉ. म्हणाली. बरं झालो म्हणून वाईट वाटणारा पुण्यात मी एकटाच असेन. दुप्पट मात्रेचं आज ठरणार. एकट्यालाच पुरळ उठलं तर ती त्याची प्रकृती, असं वरच्या साहेबांचं मत. दुसरा कोणी निघाला तर थांबतील.
मुल्ला आत गेलेत. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. दार लागून बराच वेळ झाला. नुसतं ‘नाही’ म्हणायला एवढा वेळ लागत नाही.